दुपारी बाराचं घर: एका आईच्या पत्राला अंगणवाडीच्या बाईंचं उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा एक वर्षाचा. आधी ती खासगी शाळेत शिकवायची, धाकटा झाल्यावर सोडलं. घर आवरलं तरी तासभर टिकत नाही, मुलगी जेवत नाही, पावसात कपडे वाळत नाहीत. नवरा सकाळी बेळगावला कामाला जातो तो रात्रीच परततो. सासूबाई रोज विचारतात, "दिवसभर घरात बसून करूलीस तरी काय गे?" तिचे प्रश्न तीन आहेत: बाकीच्या बायका कशा करतात, मीच कमी पडते का, आणि पुन्हा नोकरीला जावं का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं फार कमी जणांना ठाऊक असेल. अंगणवाडीत बाई म्हणून माझं आयुष्य गेलं आणि गृहभेटी हा त्या कामाचाच भाग. पाहुणे घरी येतात ते संध्याकाळी, सांगून. आम्ही जायचो दुपारी बारा-एकला, वजनकाटा आणि वही घेऊन, न सांगता. त्यामुळं बेळगाव-खानापूरकडची घरं मी त्यांच्या खऱ्या वेळेला पाहिलीत. ज्या सुनेच्या टापटिपीचं नाव सगळी गल्ली काढायची, तिच्याही घरात बाराच्या सुमाराला पोहे कॉटखाली सांडलेले, पोरगं एका पायात चड्डी घालून सोप्यात धावतंय आणि ती पिठाच्या हातानं दार उघडतेय, असंच असायचं. चार वाजता तेच घर लख्ख. मधल्या चार तासांत काय झालं ते गल्लीला कुठून कळणार?

एका घरात स्कूटरची किल्ली सापडत नव्हती. नवरा बसनं कामाला गेला, सासऱ्यांनी परसातली लाकडं उलथीपालथी केली. संध्याकाळी भातासाठी तांदूळ काढताना किल्ली डब्यात मिळाली. दोन वर्षांच्या चिरंजीवांनी ती "पेरली" होती. दुसऱ्या घरी मी पोचले तेव्हा उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत नाचणीच्या पिठाचा पट्टा होता आणि त्यावर उभी राहून पोरगी मला सांगत होती, "बाई, बाजूनं या, रांगोळी हाय." तिसऱ्या घरात तर दारातच स्वागत झालं: "बाईंना चहा द्यायचा नाही, दूध संपलंय, आई म्हणाली." ती आई लाजून चूर झाली. मी पाणी मागितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. अशी घरं मला फार आवडायची. जिथं पोर घरभर फिरतं, हात घालतं, बोलतं, तिथं त्याची वाढ बरोबर चाललेली असते, हे मी वर्षानुवर्षं वजनाच्या वहीत पाहिलंय.

आता दुसरा प्रश्न. कमी पडतेस का? नाही. तुझं काम तुकड्यांनी होतं आणि तुकड्यांनी झालेलं काम दिसत नाही.

एक भाकरीच घे. पीठ मळायला घेतलंस. धाकट्यानं जमीन ओली केली. हात धुऊन पुसलंस, त्याला कोरडं केलंस. परत आलीस तर पीठ सुकलेलं, पाण्याचा हात लावलास. भाकरी थापलीस, तव्यावर टाकली, तेवढ्यात न्हाणीतून मोठीची हाक, "आई, झालंऽऽ." तिला धुतलंस, येईपर्यंत भाकरी एका बाजूनं काळी. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. अर्धा तास गेला, टोपल्यात एक भाकरी आणि तीही करपलेली. सासूबाईंना दिसते ती भाकरी. मधली सगळी कामं पुसून, धुऊन, वाळवून नाहीशी झाली. ती नाहीशी होणं हेच त्यांचं पूर्ण होणं.

मोठमोठ्या मोजणीतही हे निसटतं. केंद्राच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पण ही नोंद कशी घेतात ते बघ: पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण, आणि एका खणात अनेक कामं असली तर दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलीच लिहायची. तुझ्या भाकरीच्या अर्ध्या तासात दहा मिनिटं सलग चाललेलं काम एकही नाही. म्हणजे २९९ हा मोठा आकडासुद्धा तुझा दिवस पुरता सांगत नाही.

तरीही त्या आकड्याचा उपयोग झाला. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न मानून भरपाई ठरवली पाहिजे असा निकाल दिला आणि त्यात हीच २९९ आणि ९७ मिनिटं नोंदवली. घरातली बाई "काही करत नाही" हा समज चुकीचा आहे, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटलं. हे नवऱ्याला एकदा सांग. भांडताना नको, जेवताना सांग.

सासूबाईंना मात्र आकडे सांगू नकोस. त्यांच्या प्रश्नात मला खोट दिसत नाही. त्यांनी पोरं वाढवली ती जावा, नणंदा, आजेसासू असलेल्या घरात. त्यांचंही काम दर पाच मिनिटांना तुटायचंच, पण त्या उठल्या की तव्यावरची भाकरी दुसरी कुणीतरी उलटायची. त्यांना आठवतात त्या टोपलंभर भाकरी, मधले दुसरे हात आठवत नाहीत. तू त्या घरात एकटी आहेस. म्हणून त्यांना एक काम पूर्ण सोपव. मोठीचं दुपारचं जेवण किंवा तिची वेणीफणी, पण सगळंच त्यांचं. मग त्यांनी कसं केलं यात बोलायचं नाही, भात जास्त मऊ झाला तरी. पंधरा दिवसांत त्या प्रश्न विचारायच्या थांबतात, कारण पोर जेवायला बसल्यावर किती वेळा उठतं ते त्यांना पुन्हा आठवतं.

नवऱ्यालाही तसंच. "जरा बघा हो ह्याच्याकडे" असं म्हटलं तर तो मोबाइल बघत बघत त्याच्याकडे बघणार. काम अर्धं दिलं की ते लक्षात ठेवायची जबाबदारी तुझ्याकडेच राहते. रात्री दोघांना झोपवणं त्याचं: अंथरूण घालण्यापासून शू करवून दिवा मालवेपर्यंत. पहिले काही दिवस पोरं रडतील, त्याला गोष्ट सांगता येणार नाही. तू स्वयंपाकघरातून धावत जाऊ नकोस. रविवारी त्याला सुट्टी असेल तर सकाळचे दोन तास पोरं त्याची, तू घराबाहेर.

आता पसारा. पसाऱ्याचे मी दोनच भाग करते: ज्यानं पोराला इजा होते तो आणि बाकीचा. पहिला भाग दिवसातून तीनदा आवरायचा. दुसरा भाग एकदा, पोरं झोपल्यावर, आणि अंगात त्राण असलं तरच.

पहिल्या भागात सर्वांत वर पाणी आहे. आपल्याकडे कितीतरी गल्ल्यांत नळ रोज येत नाही. आला की बायका पिंप, घागरी, बादल्या, मिळेल ते भरून ठेवतात. त्यात घरात रांगणारं किंवा नुकतं उभं राहणारं पोर असेल तर अर्धी भरलेली बादलीसुद्धा जीवघेणी आहे. ह्या वयात डोकं जड असतं, वाकून बघताना तोल पुढं जातो, आणि मग त्याला स्वतःला वर ओढता येत नाही. आवाज होत नाही, रडणं ऐकू येत नाही. म्हणून पिंपावर घट्ट झाकण, बादल्या न्हाणीत आणि न्हाणीला बाहेरून वर कडी. धुणं झालं की बादली पालथी. घरात बाकी काही झालं नाही तरी चालेल, हे व्हायला हवं.

त्यानंतर दाणे. आपल्याकडे शेंगदाणे आणि फुटाणे घरभर असतात. चार वर्षांखालच्या पोराला अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, कूट करून द्यायचं. श्वासनळीत अडकला तर फार वाईट होतं. आणि एखादे दिवशी मोठी गंभीर चेहऱ्यानं येऊन सांगेल, "आई, नाकात हरभरा गेला." हे बहुतेक घरांत एकदा होतंच. तेव्हा पिन, काडी, चिमटा काही घालू नकोस, तेल नको, पाणी नको. पाण्यानं हरभरा फुगतो आणि जास्त अडकतो. तिला तोंडानं श्वास घ्यायला सांग, रडू देऊ नकोस आणि दवाखान्यात ने. रिमोटमधला किंवा खेळण्यातला गोल बटणासारखा सेल गिळला किंवा नाकात घातला असं वाटलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही, रात्र असली तरी जायचं. तो आतलं मांस जाळतो.

रॉकेल, फिनेल, उंदराचं औषध वर. तेही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही. बंबाजवळ पोर नको. एवढं केलंस की कॉटखालचे पोहे संध्याकाळपर्यंत राहिले तर राहू देत.

पावसाचं थोडक्यात सांगते, कारण त्याला खरा उपाय पाऊस थांबणं हाच आहे. मृगापासून गणपतीपर्यंत खानापूरकडं ऊन बघायला मिळत नाही, जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नकोस. जाड कपडे आणि वाकळा ह्या दिवसांत धुवायला काढायच्याच नाहीत. धाकट्याला पातळ सुती लंगोट, जुन्या धोतराचे, भरपूर. ते पंख्याखाली रातोरात वाळतात, सकाळी इस्त्री फिरवली की उरलेला ओलावा जातो. दमट कपडा अंगावर घालायचा नाही, जांघेत लाल होतं. चुलीच्या किंवा बंबाच्या उबेवर कपडे टाकतेस तर जळण पेटलेलं असताना समोरून हलू नकोस आणि त्या धुरात पोराला झोपवू नकोस.

जेवणाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. आयांचं जितकं रडणं मी ऐकलंय त्यातलं निम्मं ह्याच गोष्टीचं.

मूल जन्मलं तेव्हा तीन किलोचं असलं तर वर्षाच्या वाढदिवसाला नऊच्या आसपास जातं. एका वर्षात सहा किलो. त्यानंतर शाळेत जाईपर्यंत ते वर्षाला दोन किलोंच्या आसपासच वाढतं. वाढ मंदावली की भूक कमी होणारच. पहिल्या वर्षी घासामागून घास घेणारं पोर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोंड फिरवतं, आणि घरात सगळे म्हणतात, पोरगी वाळली, आई लक्ष देत नाही. तुझ्या मुलीचं वजन कर. ते तायी कार्डावरच्या, म्हणजे गरोदरपणात मिळालेल्या आई-बाळाच्या सरकारी कार्डावरच्या, तक्त्यात मांड. रेघ वर जात असेल, पोरगी दिवसभर उड्या मारत असेल, तर ती पुरेसं खाते. रेघ आडवी झाली, दोन-तीन महिने वजन जागेवर राहिलं किंवा उतरलं, तर डॉक्टरांकडे जा. शेजारणीच्या पोरीशी तुलना करून काही कळत नाही.

काय द्यायचं आणि कधी, ते तू ठरव. किती खायचं ते तिला ठरवू दे. मोठ्या माणसाच्या पाव ताटाएवढं वाढ, हवं तर पुन्हा मागेल. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग ताट उचलायचं, रागवायचं नाही, आणि पुढच्या वेळेपर्यंत बिस्कीट नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण अकरा वाजता आजोबांच्या खिशातून बिस्कीट निघतं आणि एक वाजता पोरगी "साकु, साकु" (कानडीत "पुरे, पुरे") करत पळते. आजोबांशी बोलायला नवऱ्याला पाठव. दूधही मोजून. दोघांनाही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, नाहीतर दुधानंच पोट भरतं आणि रक्त कमी होतं. ताट घेऊन गल्लीभर तिच्यामागं फिरायचं बंद कर. त्या फिरण्यात तुझा दीड तास जातो आणि पोटात जातात चार घास.

आपल्या घरात जे असतं तेच पुरतं. नाचणीची आंबील, भात-आमटीवर चमचाभर तूप, भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, खात असाल तर अंडं. डब्यातली महागडी पावडर लागत नाही.

आणि मोठीला अंगणवाडीत घाल. तीन पूर्ण झालीत, ती तिथलीच आहे. घरी न खाणारं पोर तिथं ओळीत बसून दहा जणांबरोबर ताट चाटून खातं, हे मी रोज पाहिलंय. तिथं दूध, अंडं, खाऊ मिळतो, वजन होतं. घरी येऊन ती कानडी गाणं म्हणेल आणि आजीला त्याचा अर्थ मराठीत समजावेल, त्यातही वेळ छान जाईल. तुझ्यासाठी मोठी गोष्ट ही की तेवढ्या वेळात घरात एकच पोर उरतं. धाकटा झोपला तर तुला सलग एक तास मिळतो. त्या तासात भांडी घासायची नाहीत. जेव. बसून, गरम, स्वतःच्या ताटात. गृहभेटीत मी वजनं पोरांची करायचे, पण अशक्त दिसायच्या आया. पोरांचं उरलेलं उष्टं हे तुझं जेवण नव्हे.

मोबाइल: धाकट्याला अजिबात नको, मोठीला दिवसाला फार तर तासभर, त्याहून कमी तर बरंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हेच सांगितलंय. जेवताना दोघांनाही नाही. तुला आंघोळीला दहा मिनिटं हवी म्हणून कधी गाणं लावून दिलंस तर त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस, मात्र ती दहा मिनिटं तासात मोज.

माहेर जवळ असेल तर महिन्यातून एकदा जा. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून कर्नाटकातल्या बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेव. माहेर कोल्हापूरकडं असेल तर निपाणीपर्यंत तसंच जाता येतं, पुढं तिकीट काढावं लागतं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला मिळणारे महिन्याचे दोन हजार तुझ्या घरात बहुधा सासूबाईंच्या नावावर येत असतील, कारण रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख त्या. त्यातले थोडे पोरांच्या दुधा-अंड्यांना मागायला संकोचू नकोस.

एक गोष्ट नीट वाच. दमणं वेगळं. पण दोन आठवडे झाले तरी सकाळी उठावंसं वाटत नाही, पोर हसलं तरी आत काही हलत नाही, ते झोपलेलं असतानाही तुला झोप नाही, किंवा आपण नसलेलंच बरं असं मनात येतं, तर हा आजार आहे. बाळंतपणानंतर वर्षभरात तो येऊ शकतो आणि औषधपाण्यानं बरा होतो. आशा ताईला सांग, तालुक्याच्या दवाखान्यात जा, किंवा १४४१६ ला फोन कर. ही टेली-मानस नावाची सरकारी मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते. सासूबाई "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणतील. होतं. वहीत लिहायला जागा नव्हती म्हणून मी ते नुसतं ऐकून घ्यायचे.

नोकरीचा प्रश्न. जावंसं वाटत असेल तर जा, त्यात पोरांचं काही वाईट होत नाही. राहावंसं वाटत असेल तर राहा. मात्र मधला मार्ग म्हणून आत्ता घरी शिकवण्या सुरू करू नकोस. बऱ्याच जणी करतात आणि चार महिन्यांत मोडून पडतात, कारण शिकवणीही पुन्हा तुकड्यांतच होते: पाढे चालू असताना धाकटा वही फाडतो, पोरांच्या आया फीवरून कटकट करतात आणि घरच्यांच्या लेखी तू अजून घरातच बसलेली असतेस. जायचं तर पूर्ण वेळ शाळेत जा, आणि धाकट्याला दिवसभर कोण बघणार ते आधी ठरव. सासूबाईंना झेपेल का, हे त्यांनाच विचार, नवऱ्याकरवी नको. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर धावत्या पोरामागं त्यांना लावणं बरं नव्हे. मग तो अंगणवाडीत जायच्या वयाचा होईपर्यंत थांब. आपल्याकडच्या शाळा मे अखेरीला उघडतात आणि खासगी शाळा माणसं त्याआधी महिना-दोन महिने बघायला लागतात. म्हणून ज्या वर्षी जायचं ठरवशील त्या वर्षी मार्चमध्येच जुन्या शाळेत भेटून ये, सगळी प्रमाणपत्रं घेऊन. ती प्रमाणपत्रं आत्ताच वरच्या कपाटात ठेव, धाकट्याच्या हाती लागायच्या आत.